फुलदाणी झालेल्या माणसाचं धावतं वर्णन

सोमवार, ६ जानेवारी
ठरलं. आमच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टर क्रांती मॅडम वाचनालयाच्या हॉलमध्ये परदेशी सिनेमे दाखवतात. रविवारी फ्रेंच आहे. एक बाई असते, तिला मिठी मारणाऱ्याची फुलदाणी होते. तरी पुरुष जातातच. मला त्यांचं पटतं. खालच्या इंग्रजी पट्ट्या लोक वाचत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, पट्ट्या काढा, मी माइकवरून मराठीत सांगतो. फ्रेंच येतं का, विचारलं. येतं म्हणालो. हसल्या. कुस्तीच्या मैदानात ज्याच्या निवेदनावर अख्खं पब्लिक उठून उभं राहतं, त्याच्याकडे बघून बाई उगाच हसत नाही.
रविवारी मॅडमना लग्नाचं विचारायचं. फायनल.

बुधवार, ८ जानेवारी. सकाळ
मोबाइलवर फ्रेंच सुरू. पहिलं वाक्य, मांजर सफरचंद खाते. सगळं नाकातून बोलायचं. मला सर्दी आहेच, म्हणजे अर्धी भाषा आली.
आवाजासाठी रविवारपर्यंत मिसळ बंद.

दुपार
मिसळ खाल्ली. कट कमी घेतला.

शुक्रवार, १० जानेवारी
मॅडमनी सिनेमा पट्ट्यांसकट पाठवलेला. दहा मिनिटं पाहिला, बंद केला. निकाल आधी माहीत असला की निवेदनात जोर राहत नाही. प्रोजेक्टरवाला अझहर म्हणाला, "न बघता काय बोलणार हायस गड्या? तोंडावर पडशील की!" त्याला कला कळत नाही.
तालमीतल्या पोरांना बोलावलंय. हॉल भरलेला बरा.
फ्रेंच सोडलं. भाव महत्त्वाचा.

रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळ
जबरदस्त!!
सुरुवात जरा अवघड गेली. जिन्यावरून मासे उतरत होते. मासे उतरत आहेत, असं सांगितलं. मग हिरो तिच्या दारात आला. ती बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. हीच वेळ, म्हटलं. हिरोच्या तोंडी माझ्या मनातलं सगळं घातलं. हिरॉइनचं नाव क्रांती ठेवलं. ती म्हणाली, "मी तुमचीच आहे, घरच्यांना भेटा."
पुढे दोघं मिठीत भिडले आणि जीभ कुस्तीच्या सवयीवर गेली. "पट काढला! कब्जा घेतलाय! पोरगी सुटायला बघतीया!" पोरांच्या शिट्ट्या. त्याची फुलदाणी झाली तेव्हा "चितपट!" निघून गेलं. टाळ्यांचा कडकडाट. अझहर तोवर डोक्याला हात लावून बसला होता. जळतो.
मॅडम दिवे लागायच्या आधीच गेल्या. लाजल्या असणार.

सोमवार, १३ जानेवारी
नवीन शर्ट घालून दवाखान्यात गेलो. उत्तर ऐकायला आलोय, म्हणालो.
मॅडमनी आधी पेशंटला चूळ भरायला सांगितली. मग मला म्हणाल्या, सिनेमा त्यांनी पट्ट्या वाचून तीनदा पाहिलाय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग म्हणाल्या, "ती बाई दारात उभी राहून सारखं न्हायच म्हणत हुती. मला तू नकोस, घरी जा म्हणत हुती. त्यानं ऐकलं न्हाय म्हणून त्याची फुलदाणी झाली. आणि तुम्ही माझं नाव घिऊन तिला व्हय म्हणायला लावलं. सगळ्या हॉलसमोर. रात्रभर झोप न्हाय मला."
सॉरी म्हणालो. तुमच्या मनात तरी काय आहे, तेवढं सांगा, म्हणालो.
"न्हाय. मी एकदाच सांगते."
पेशंटनंही ऐकलं. बाहेर आलो.