टाळ्या भरणारी

३ मार्च, मंगळवार

पुन्हा टाळ्याच भरल्या! पंतप्रधानांच्या सभेचं चित्रण आलं. मैदान अर्धं रिकामं, आवाज कसला तर ध्वनिक्षेपकाच्या खरखरीचा. वाहिनीचे संपादक दारातूनच म्हणाले, "जरा जीव ओत गं त्यात." हा जीव माझ्या संगणकात साठवलेला आहे — कुठल्याशा गाण्याच्या मैफलीतली टाळी, चाळीस सेकंदांची. भाषणाखाली ती अंथरली की झालं. विरोधकांच्या सभेत उलटं काम. तिथल्या टाळ्या पुसायच्या, खोकला तेवढा ठेवायचा.

आमच्या ध्वनिसंकलनाच्या खोलीच्या भिंतींना जाड फोम. आत बसलं की जग पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. दुपारी डोळा लागला. रिकाम्या मैदानावरून टाळ्या पाखरांच्या थव्यासारख्या उडत चालल्या होत्या. खाली हात कुणाचेच नव्हते.

५ मार्च

बाबा दिवसभर आमचीच वाहिनी लावून बसतात. लेकीची वाहिनी ना! आयुष्यभर भूगोल शिकवला आणि आयुष्यभर विरोधकांना मत दिलं. शिक्षकांच्या खोलीत सगळे एकीकडे नि हे एकटे एकीकडे, तरी हटायचे नाहीत. आज म्हणाले, "एवढी माणसं टाळ्या वाजवतायत, सगळीच वेडी कशी असतील? माझंच चुकतंय का गं?"

म्हटलं, "मला नाही कळत राजकारणातलं." आणि उगाच पाणी प्यायले. खरं सांगितलं तर त्यांना माझी लाज वाटेल, याची भीती वाटते. नोकरी जाण्यापेक्षाही जास्त.

९ मार्च

घोळ! पंतप्रधान गंभीरपणे म्हणतात, "आणखी दोन तास वीजकपात सोसावी लागेल." आणि खालून टाळ्यांत कुणीतरी रसिक ओरडतो, "वन्समोर!" मैफलीतला पुढचा तुकडा कापायचा राहून गेला. प्रक्षेपण झाल्यावर कळलं.

१० मार्च

संपादक खूश. "काय उत्साह आहे लोकांचा!"

१६ मार्च

आमच्या कॅमेरामनचा पंतप्रधानांच्या सभेतून फोन. "आज काही भरू नकोस बाई. लोक खरंच वन्समोर ओरडतायत!" कान लावून ऐकलं. हजारो गळे, अगदी खरे. आपलंच स्वप्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं तसं वाटलं.

संध्याकाळी बातमी — विरोधकांनी वीजकपातीविरुद्धचा मोर्चा रद्द केला. जनभावना ओळखून, म्हणे! कुणाची भावना? ती तर मी दीड मिनिटात जोडली होती.

घरी येताना वीज गेलेली. सगळा रस्ता निळसर, निवांत, माणसं दारांत उभी. कुणी कुरकुरत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

२४ मार्च

शेजारचे काका बाबांना डिवचायला आले. ही त्यांची नेहमीची करमणूक. "काय मास्तर, तुमचा पक्ष झोपला वाटतं!" एरवी बाबांनी तासभर सोडलं नसतं. आज माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असेल बुवा."

असेल बुवा! माझे बाबा! काकाही हिरमुसले, चहा अर्धा टाकून गेले. रविवारच्या मतदानाआधी बाबांना सगळं सांगायचं. ठरलं.

२८ मार्च

नाही सांगितलं. दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले.

२९ मार्च, रविवार

सकाळी बाबांबरोबर मतदानाला गेले. ऊन कोवळं, रस्ते धुतल्यासारखे. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. रांगेत कुणीच बोलत नव्हतं. इतकी माणसं आणि एवढी शांतता! कित्येक महिन्यांत न भरलेली शांतता ऐकली नव्हती. आत गेल्यावर मी बाबांच्या पक्षाचं बटण दाबलं. म्हटलं, एक तरी खरी टाळी त्यांच्यासाठी.

परतताना त्यांना झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मैफल, खोकला, वन्समोर, सगळं. रडलेसुद्धा. बाबांनी माझी पिशवी स्वतःकडे घेतली आणि चालू लागले.

३० मार्च

सकाळी चहा पिताना आपणहून म्हणाले, "टाळ्या खोट्या आहेत हे मला केव्हाच कळलं होतं गं. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी. तुझं मन बघायला त्या दिवशी विचारलंही. पण वाटलं, तू त्या मनापासून भरतेस. म्हणून काल मत पंतप्रधानांनाच दिलं. निदान घरात तरी मला विरोधी पक्ष व्हायचं नव्हतं."