वरून पिवळी

डोंगरावरून, ९ जुलै

ती. लोरीनताईस, सा. न. वि. वि.

गुडघा काय म्हणतो? इथं फोन लागत नाही, म्हणून पत्र. बातमी वाईट आहे. आईच्या वाणाची रोपं पिवळी पडताहेत. डब्यातलं शेवटचं बी पेरलं होतं. यंदा या झाडांनी बी धरलं नाही, तर आईनं जन्मभर जपलेला गांजा संपला म्हणून समज.

खालच्या वळणावरचा हॉलिस म्हणतो, रोपं उपाशी आहेत, खायला घाल. वटवाघळांचं खत घातलं, लसूणघास कुजवून त्याचं पाणी पाजलं. पानांची टोकं तेवढी करपली. आता तो दुकानातली बाटली आण म्हणतोय. आईच्या वाफ्यात कधी रसायन पडलं नाही, माझ्या हातून तर पडणारच नाही.

आईची रक्षा तू माझ्यावर सोपवली होतीस, ती योग्य जागी पोचली. काळजी नसावी. लोभ आहेच, थोडा सल्लाही पाठव.

तुझा वेंडेल

युरेका, १५ जुलै

चि. वेंडेल यास अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

पिवळी पडताहेत म्हणजे कुठून रे? डॉक्टरकडे जाऊन नुसतं दुखतंय म्हणतोस का? खालची जुनी पानं आधी पिवळी पडली, तर रोप उपाशी. कोवळ्या पानांसाठी ते म्हाताऱ्या पानांतलं काढून घेतं. वरची कोवळी आधी पडली, तर दुखणं निराळं. आई पान उन्हासमोर धरून शिरा बघायची, तसं बघ. माती आंबट आहे की नाही ते रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीवर तपास. यंदा वाफ्यात वेगळं काय केलंस तेही लिही. तोवर कणभरही खत घालू नकोस, आणि हॉलिसला फाटकाबाहेर ठेव.

माया आहेच, पण उत्तर लवकर येऊ दे.

लोरीनताई

डोंगरावरून, २० जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वरून. कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. खालची पानं धडधाकट. पट्टी गडद निळी झाली. हॉलिसच्या मते पट्टीच जुनी आहे. वेगळं काहीच केलं नाही गं. वाफा तोच, झऱ्याचं पाणी तेच. पण मी हार मानणार नाही, तू फक्त सांग.

तुझा वेंडेल

युरेका, २४ जुलै

चि. वेंडेल यास आशीर्वाद.

पट्टी खरं बोलतेय. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे रोपाला लोह मिळत नाही. मातीत लोह आहे, पण माती इतकी अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या अगदी उलट, झालीय की मुळांना ते उचलता येत नाही. ताट वाढलेलं आणि तोंड शिवलेलं. आपल्या रेडवुडच्या जंगलातली माती मुळात आंबट, ती आपणहून अशी होत नाही. तिच्यात राख पडली असणार. चुलीतली राखही आई चिमटीनं टाकायची, हे तुला माहीत आहे.

मग मला तुझी ती योग्य जागा आठवली. वेंडेल, आईला वाफ्यात घातलंस का रे?

मी आधी रडले, मग इतकी हसले की गुडघा दुखायला लागला. तुझ्या मनात काय होतं ते कळतं मला. पण ती तिथं राहिली तर रोपं जातील, आणि हे तिलाच आधी खपलं नसतं. सगळी रोपं उचल, मुळं धुऊन काढ, वरच्या जुन्या वाफ्यात कुजका पाला घालून लाव. आईला त्या मातीसकट मोठ्या रेडवुडखाली ने. त्या झाडाला ती जड होणार नाही. रडत कर, पण कर.

ताई

डोंगरावरून, ६ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. फावडं लावलं नाही, हातानंच उकरलं. हॉलिसला शेवटी खरं सांगितलं. तो घरी जाऊन ढकलगाडी घेऊन आला. आईला आम्ही दोघांनी रेडवुडखाली नेलं. रोपं आधी माना टाकून बसली, मग नवी पानं आली ती हिरवी. आता बी धरलंय, चांगलं गडद, टणक. तुझ्या वाट्याचं डब्यात ठेवलंय. काठी टेकत ये, पण ये.

तुझं एक मात्र ऐकलं नाही. रोपं उचलली तेव्हा मुळांना पांढरी भुकटी चिकटली होती. ती मी धुतली नाही. तेवढी आई त्यांना सोसली.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा वेंडेल