पेवाचा वास

मुक्काम बंदर, ता. २ ऑगस्ट १९४३
(कोणतं बंदर ते लिहिलं की सेन्सॉरवाले काळी शाई फासतात, म्हणून नाई लिहीत.)

ती. सौ. पंचफुलावैनीले जगदेवचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी खुशाल आहे. दादाची कंबर कशी आहे? तांबडी गाय व्याली काय? पत्र जऊळक्याच्या मास्तरांकडून वाचून घ्या. चौथीतून पळालेल्याचं अक्षर आहे.

समुद्र कसा आहे म्हणून तुमी विचारलं होतं. धक्क्यापाशी तरी निळागिळा काही नाई. काळा, तेलकट, वर भाजीचे देठ. परवा एक मेला बोकड तरंगत होता, फुगलेला, अन् त्याच्यावर कावळा बसून मजेत फिरून राह्यला होता. मी पाहातच बसलो. मुकादम रामधन ओरडला, "जगदेव्या, तुले बोकडाच्या मयतीले ठेवलं काय बे?"

तं मुद्द्याचं असं. सरकारनं लेव्हीत आपली ज्वारी नेली, जहाजानं दक्षिणेतल्या उपाशी लोकांले पाठवतो म्हणून. ती इथंच आहे, वैनी. चैत्रापासून उघड्या धक्क्यावर, पाणी खात. अन् बाजूच्या शेडात ताडपत्र्यांच्या थप्प्या! मी बंदराच्या हापिसातल्या बाबूले म्हटलं, "बाबूजी, दोन ताडपत्र्या द्या ना, दाणा सडून राह्यला."

"ताडपत्री फौजेची."

"मंग जहाजात तरी भरा."

"धक्का आमचा, पण जहाज कोणतं लावायचं ते फौज ठरवते."

"अन् ज्वारी?"

"धान्यखात्याची. ते म्हणतात, गाडीतून उतरली की आमची नाही. आम्ही म्हणतो, जहाजात चढेपर्यंत आमची नाही." असं म्हणून पानाची पिचकारी मारली, थेट पोत्यावर.

तिघांच्या बिल्ल्यावर मुकुट एकच, वैनी! थू!

परवा हुकूम निघाला, सडका माल दर्यात टाका. त्या कागदावर मात्र तिघांच्या सह्या एका दुपारात झाल्या.

आमी पोती पाठीवर घेतली. तागातून बोटबोट कोंब निघालेले, अन् अळ्या. मानेवरून सदऱ्यात उतरत होत्या. मंग एका पोत्याले कोंबच नाई, नुसता लगदा. अन् वास आला, आंबूस, मातकट. जमिनीखालच्या पेवातला दाणा उगवत नाई, हे तुमीच शिकवलं. पोत्याचं तोंड पाह्यलं तं तुमच्या हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी, पेव उपसून पोती भरली तवा तुमी बांधलेली. मी तिथंच ओकलो. रामधन म्हणे, "नाजूक हाय काय रे?" तोंड पुसलं अन् ते पोतंही टाकलं. तशा चिंधीची नऊ होती. नऊही मीच टाकली.

आता जे तीन पानं झाली तरी लिहून नाई राह्यलो, ते.

तुमी मागं लिहिलं, दादानं सालदार लखम्याले कामावरून काढलं, गावात कोणी त्याले बिडी देत नाई. आंगणाखालचं पेव त्यानंच लेव्हीवाल्यांले दाखवलं म्हणून, कारण घराबाहेर त्यालेच ठाऊक होतं. घराबाहेर त्यालेच, हे खरं.

मी ठेसनावर मालगाड्या पाहात बसायचो ना, तिथं लेव्हीसाहेबाचा चपराशी यायचा. म्हणे, "बंदरावर चिकटवतो तुले, समुद्र पाह्यशील. एखादं पेव सांग फक्त." दुसऱ्यांचं मले ठाऊक नव्हतं. आपलंच ठाऊक होतं. उपाशी लोकच खातील, असं मी मनाले सांगितलं. समुद्रानं खाल्लं.

मास्तर, इथं थांबा. पत्राची घडी करा. पारावर चला, लखम्याले मधात बसवा, दादाले बोलवा, अन् पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचा.

वैनी, लखम्याच्या हातात दादानं आपली बिडी दिली की कळवा. नाई दिली तरी कळवा. मले घरात घ्या म्हणत नाई.

तुमच्या पेवावरचा दगड ज्यानं सरकवला तो,
तुमचा धाकटा दीर
जगदेव