हेडमास्तरांना वगळून हुरडा

लासूर स्टेशन
३ जानेवारी १९७४

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून सोयगावला नानाकडं, तुझ्या वडिलांकडं, परत जातेस म्हणून लिहिलंस. शिक्षकखोलीत कुणी कुणाशी बोलत नाही, हेडमास्तर एकेकाला बोलावून दुसऱ्याची चौकशी करतात, हे वाचून जीव कळवळला. अगं, पोलीस अ‍ॅक्शननंतर, निजामाची उर्दू जाऊन, आम्ही मास्तर पहिल्यांदा मराठीतून शिकवू लागलो, तेव्हा शेजारच्या वर्गात कविता सुरू झाली की हातातला खडू तसाच घेऊन आम्ही दारात जाऊन उभे राहायचो! काय ते दिवस!

राजीनाम्याची घाई नको. तेरा तारखेच्या रविवारी सगळ्या मास्तर-बाईंना घेऊन ये. कणसं हुरड्यात आलीत, आगटी मी पेटवतो. हेडमास्तरांना मात्र सांगू नकोस.

तुझ्या कौतुकात आंधळा,
काकासाहेब


औरंगाबाद
९ जानेवारी १९७४

ती. काकासाहेबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं आमंत्रण कानात सांगितलं, तर शाळाभर झालं! जो तो आधी विचारतो, आणखी कोण येतंय? नावं सांगितली की, बघू म्हणतो आणि थेट हेडमास्तरांच्या खोलीत! ड्रिलचे सांडू सर तर बूट न वाजवता गेले. आमच्याकडं रीतच ती: दुसऱ्यानं आपलं नाव सांगायच्या आत आपण त्याचं सांगून मोकळं व्हायचं.

गेलो नाही त्या मी आणि उर्दूच्या सगीराबाई. त्या म्हणतात, नोकरी गेली तर जाऊ दे, हुरडा नाय सोडायची. तेव्हा आम्ही दोघी नक्की. राजीनामा सोमवारी देणारच.

गूळ भरपूर ठेवावा, आणि लोभही.
आपली वच्छला


लासूर स्टेशन
१५ जानेवारी १९७४

चि. नानास अनेक आशीर्वाद.

वच्छलेसाठी तिकडं नोकरी पाहतोयस, ते थांबव.

रविवारी गाडीतून दोघी नव्हे, सगळी शाळाच उतरली! अन् मागच्या डब्यातून, जवसाच्या चटणीची बरणी घेऊन, खुद्द हेडमास्तर! सांडू मास्तरांनी प्लॅटफॉर्मवरच सलाम ठोकला, बाकीचे पोत्यांआड.

आगटीपाशी हेडमास्तर मला म्हणाले, सगळ्यांनी हुरड्याची खबर दिली, पण तुम्हीही चला असं एकानंही म्हटलं नाही. मग आपणच तिकीट काढलं. मला भरून आलं. तुझी लेक विरघळेल तर शपथ! सगळ्यांदेखत म्हणाली, चहाड्या ऐकणं बंद करा, नाहीतर मी उद्या राजीनामा देते. मग शाळेत काय चाललंय हे मला सांगणार कोण, असं हेडमास्तरांनी पोरक्या तोंडानं विचारलं. सगीराबाई हसून म्हणाल्या, चहाला आमच्या खोलीत येत जा की सर, तोंडावरच भांडू.

ते कबूल झाले. वच्छला राहणार आहे. संध्याकाळच्या गाडीत ती अन् हेडमास्तर वेळापत्रकावरून कडाडून भांडत होते, अन् बाकीचे सगळे मोठमोठ्यानं बाजू घेत होते. गाडी हलली, फाटकापल्याड गेली, तरी ऐकू येत होतं.

तुझ्या या दादाची आठवण ठेव.
काकासाहेब