तीट आणि सेफ्टी पिन

यारोस्लाव्ल,
१० नोव्हेंबर १९९६

ती. नलूताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला महिनाभर उशीर झाला. गेल्या वीस तारखेला अंगणातल्या पहिल्याच बर्फावर घसरले आणि डावं मनगट मोडलं. काळजी करू नकोस, प्लास्टर डिसेंबरात निघेल. कागद धरायला दुसरा हात नाही, म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवून लिहिते आहे. ओळ तिरकी गेली तर बरणी सरकली असं समज.

श्रीनिवासचं बरं चाललं आहे. कंपनीची औषधं घेऊन तो आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी असतो. घरात मी आणि जुई. ती बालवाडीत रमली आहे, पण इथल्या थंडीत चार वर्षांच्या मुलीला दाराबाहेर काढणं हे एका हाताचं काम नाही. मी मोजलं, चौदा वस्तू अंगावर चढतात. म्हणून वरच्या मजल्यावरच्या झिनाइदा पावलोव्ना रोज सकाळी आठला खाली येतात. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या. मुलगा, सून आणि नात दूर मूर्मान्स्कला, दोन वर्षांत भेट नाही. त्या जुईला लोकरीच्या मोज्यांपासून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, बुटांपर्यंत सगळं चढवतात, छातीवरून शाल फुलीसारखी घेऊन पाठीशी गाठ मारतात, आणि तेवढ्या वेळात मलाही ऐकवतात. म्हणे, पोरीचे कान उघडे टाकायला ती काय मांजर आहे, आणि आईच बोडक्या डोक्याने कचरा टाकायला जाते तर पोर टोपी कशाला घालेल.

इथे आजीला 'बाबा' म्हणतात. जुईने पहिल्यांदा बाबा झीना अशी हाक मारली तेव्हा श्रीनिवास अर्धी दाढी ठेवून धावत आला. खूप हसलो. त्या मात्र तिला जुई म्हणत नाहीत, युलेच्का म्हणतात. मी दोनदा सुधारलं. आता जुईच त्या नावाला ओ देते. आणि मी मोजा घालायला गेले तर पाय मागे घेऊन सांगते, तू नको, बाबा झीना.

परवा आंघोळ घालताना तिच्या फ्रॉकच्या आतून, छातीशी, डोकं खाली करून टोचलेली एक सेफ्टी पिन सापडली. विचारलं, तर झिनाइदा पावलोव्नांचं म्हणणं असं की काळ्या डोळ्यांची पोर, ट्राममध्ये माणसं वळून वळून बघतात, दृष्ट नको लागायला. मी पिन काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुसरी होती.

एक काम आहे. श्रीनिवासच्या ऑफिसातले मराठे पुढच्या महिन्यात पुण्याहून निघतील. त्यांच्याबरोबर घरी केलेल्या काजळाची एक डबी पाठव.

तुझ्या तब्येतीचं कळव. माया आहेच, ती या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी,
हेमांगी


मिरज,
२८ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. हेमास,
अ. उ. आ.

हात मोडल्याचं वाचून काळजी वाटली आणि काजळाचं वाचून हसू आलं. अगं, ही तूच ना? मी सकाळी पोरीच्या कानामागे तीट लावायची, आणि तू संध्याकाळी कॉलेजातून आलीस की चप्पल काढायच्या आधी रुमाल ओला करून ती पुसायचीस. तीन वर्षं बघत होते मी. तुला वाटायचं मी भाकरी थापते आहे.

डबी मराठ्यांकडे दिली आहे. सोबत एक गोधडी आहे. माझी तीन पातळं आणि आईचं ते जांभळं, असं मिळून शिवली. जुईला जांभळ्या तुकड्यावर गाल ठेवून झोपायची सवय होती, तो तुकडा मुद्दाम डोक्याकडे घेतला आहे.

चौदा कपडे चढवणारी ती बाई मला आवडली. तिला माझा नमस्कार सांग, आणि टोपीच्या बाबतीत ती बोलते ते ऐक.

एक विचारू का? तू जून महिन्यात गेलीस तेव्हापासून मी प्रत्येक पत्राच्या तळाशी जुईसाठी एक पोपट काढते आहे. आपल्या पेरूच्या झाडावर येतो तोच. आजवर पाच झाले, हा सहावा. ती काय म्हणते ते तू कधी लिहिलं नाहीस. आवडत नसेल तर मांजर काढीन. आणि आऊची, म्हणजे माझी, आठवण काढते का, तेही एका ओळीत कळव. निघताना रिक्षातून मला बजावून गेली आहे की पेरू पिकला की पोपटाला सगळा देऊ नकोस.

इकडे येणारा टपालवाला माझ्याकडे बघून लांबूनच मान हलवतो, तेव्हा पत्र लवकर लिही. आशीर्वाद तर पाठवतेच, उत्तरही येऊ दे.

नलूताई


यारोस्लाव्ल,
१२ जानेवारी १९९७

ती. नलूताईस,
सा. न. वि. वि.

डबी आणि गोधडी पोचली. गोधडी चांगली उबदार आहे. सातवा पोपटही तुझ्या नव्या वर्षाच्या पत्रातून आला. जुई मजेत आहे.

प्लास्टर निघालं. हात अजून जड आहे, म्हणून झिनाइदा पावलोव्ना येतातच. म्हणजे, हात जड आहे असं मी त्यांना सांगते. खरं लिहायचं तर त्या आल्या नाहीत तर जुई घराबाहेर पडायला तयार होत नाही.

मी रोज सकाळी जुईच्या कानामागे तीट लावते. संध्याकाळी ती परत येते तेव्हा कान घासून लाल झालेला असतो. आधी वाटलं बालवाडीत पुसतात. मग एकदा जिन्यात पाहिलं. झिनाइदा पावलोव्ना रुमालाच्या टोकाला थुंकी लावून ती काजळी खरवडत होत्या आणि जुईला समजावत होत्या, की कारखान्याचा धूर पोरींच्या अंगावर बसतो, आईला दिसत नाही, तिचं लक्ष नाही, तू रागावू नकोस तिच्यावर. मी वर न जाता खालीच थांबले. त्या दिवशी संध्याकाळी मी पिन काढली. दुसऱ्या सकाळी मी तीट लावली, त्यांनी पुसली, त्यांनी पिन लावली, मी काढली. असं आठ दिवस चाललं आहे. दोघी एकमेकींना चहा विचारतो.

ताई, मी एम.ए. झालेली बाई. दृष्टीवर माझा विश्वास नाही, हे तुला ठाऊक आहे. मग मी तीट का लावते? डायरीत हा प्रश्न तीनदा लिहिला. पोरीवर माझी खूण दिसावी, याखेरीज दुसरं उत्तर सापडलं नाही.

मंगळवारी अंगणात जुई घसरगाडीवरून पडली, ओठ फुटला. मी फाटकाशी होते, त्या बाकाशी. जुई उठली आणि माझ्या बाजूने पळत जाऊन त्यांच्या पदराला, म्हणजे कोटाला, चिकटली. नंतर मी ती जागा पावलांनी मोजली. मी दोन पावलं जवळ होते.

आता त्यांना नको म्हणून सांगावं असं मनात आहे. तुला काय वाटतं? रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
हेमांगी


मिरज,
५ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. हेमास,
अ. उ. आ.

तू पावलं मोजलीस ते वाचलं. मला एक दिवस आठवला. तू कॉलेजातून आलीस, हात पुढे केलेस, आणि पोरगी तुझ्या हाताखालून निसटून चुलीपाशी माझ्याकडे आली. तू तो चहा प्यायली नाहीस, साय धरली त्याच्यावर. पंधरवड्यात कळलं की श्रीनिवासनी नाकारलेली बदली परत मागून घेतली आहे. कुणी मागायला लावली, ते मी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

पण माझंही एक ऐक, म्हणजे फिटंफाट होईल. ती 'आई' म्हणायच्या आधी 'आऊ' म्हणायला शिकली, ते आपोआप नव्हतं. तू गेलीस की मी दिवसभर तिच्यासमोर तोच एक शब्द म्हणायची. आई कुठे गेली, असं मी तिला कधी विचारलं नाही. पाठ करून घेतलं तिच्याकडून मी, शाळेत पाढे घेत होते तसं. माझी भूक होती ती. तुझ्या घासातला घास घेतला.

त्या बाईला काढू नकोस. काढलीस तर पोरगी काय करेल ते मी सांगू शकते, दाराकडे बघत बसेल. ते दार मला माहीत आहे. इकडून मी बघत होते.

आणि हेमे, तू लिहिलंस गोधडी उबदार आहे. कुणाच्या अंगावर? एवढं एकच सांग. ते कळेपर्यंत पोपट काढत नाही. खोटं सांगायचं असेल तर लिहू नकोस, मी समजेन.

नलूताई


यारोस्लाव्ल,
९ मार्च १९९७

ती. नलूताईस,
सा. न.

विनंती विशेष आज शेवटी करते. आधी सांगायचं आहे.

गोधडी परवापर्यंत कपाटावरच्या ट्रंकेत होती. तू बांधलेली सुतळीसुद्धा सोडली नव्हती. सातही पोपट माझ्या डायरीत होते. जुईने एकही पाहिलेला नव्हता.

इथे आलो तेव्हा ती रोज विचारायची, आऊ कधी येणार. खिडकीच्या कट्ट्यावर चढून रिक्षा शोधायची. मी विषय बदलायची, खाऊ द्यायची. मग एका दिवशी तिने विचारलं नाही. त्या दिवशीची नोंद आहे माझ्याकडे, १९ ऑगस्ट. मी लिहिलं आहे की आज घर शांत वाटलं. नंतर तुझा प्रत्येक पोपट बघून भीती वाटायची, की हिला परत आठवेल.

तुझं पत्र पोचायच्या आठवडाभर आधीच मी झिनाइदा पावलोव्नांना सांगून टाकलं होतं, की हात बरा आहे, आता तुम्हाला त्रास नको. त्यांनी हातातल्या शालीची घडी घातली, ही गाठ दोनदा ओढावी लागते एवढं सांगितलं, आणि वर गेल्या. त्यानंतर जुई रोज सकाळी बाहेरच्या खोलीतल्या बुटांच्या बाकावर एकाच बुटात बसून दाराकडे बघायची. दुसरा मला चढवू द्यायची नाही. तू लिहिलंस तसंच. तुझं पत्र हातात होतं तरी मी वर गेले नाही. आज जाते, उद्या जाते, असं करत दहा दिवस काढले.

आठ मार्चला इथे बायकांचा सण असतो. बालवाडीतला कार्यक्रम शुक्रवारी झाला. मुलं दोन दोन फुलं करतात, कापसाचे पिवळे गोळे काडीला चिकटवून. एक आईला, एक आजीला. आधी आयांची कविता म्हणतात, मग आज्यांची. आज्या वेगळ्या ओळीत बसल्या होत्या, रुमाल बांधून. जुईने आईची कविता न चुकता म्हटली, फूल माझ्या हातात दिलं. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. मग ती दुसरं फूल घेऊन आज्यांच्या ओळीतून चालू लागली. एकेकीच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत गेली, परत आली. बाईंनी विचारलं कुणाला शोधतेस, तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, माझी आजी कुणी नेली. लोक हसले. मी नाही हसू शकले.

तशीच तिला घेऊन वर गेले. झिनाइदा पावलोव्नांनी दार उघडलं. जुईने फूल पुढे केलं, पण त्या घेईनात. उंबरठ्यावरून काही देऊ-घेऊ नये, भांडण होतं म्हणे, आणि आपलं एक पुरे आहे. दोघींना हाताला धरून आत ओढलं, मग फूल घेतलं, मग टोपी का नाही म्हणून मला झापलं. जुईच्या कानामागे तीट दिसताच रुमाल काढला. मी त्यांचा हात धरला आणि माझ्या मोडक्या रशियनमध्ये सांगितलं की हा धूर नाही, ही आमची पिन आहे. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाल्या, म्हणजे इतके दिवस आपण दोघी मिळून पोरीला उघडं पाडत होतो. आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीने, आणि तिचीही मी पुसत असे.

खाली आल्यावर ट्रंक काढली. गोधडी जुईच्या पलंगावर घातली, जांभळा तुकडा डोक्याकडे. तिने विचारलं, ही कुणाची. मी म्हटलं, आऊने शिवली. तिने विचारलं, आऊ कोण.

ताई, तू खोटं लिहू नकोस म्हणालीस, म्हणून हे लिहिते आहे. तिला आठवत नाही. चेहरा नाही, पेरू नाही, रिक्षा नाही. मी तीट पुसायची तशी तुला पुसलं, आणि माझा रुमाल स्वच्छ समजत होते.

मग सातही पोपट मांडले. मिरची खाणारा तिसरा तिला फार आवडला. त्याला रशियन येतं का म्हणून विचारलं. उरलेल्या कापसाचं एक फूल तिने आपण होऊन केलं, पोपटवाल्या बाईला पाठव म्हणाली. सोबत आहे.

आता विनंती. जूनमध्ये दोन महिने मिरजेला येते आहे, जुईला घेऊन. दार उघडशील ना? लोभ असावा, हे दर वेळी सवयीने लिहायची. आज मागून घेते आहे.

हेमांगी


मिरज,
२ एप्रिल १९९७

चि. सौ. हेमास,
अ. उ. आ.

फूल पोचलं. एक गोळा चेपला आहे, बाकी ठीक. देवापाशी नाही, आरशापाशी ठेवलं, म्हणजे दोन दिसतात.

पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्याशी मनात बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की सगळा राग तुझ्यावर नाही. आज्यांच्या ओळीत पोरगी जिला शोधत होती, तिच्यावर जास्त आहे. तिला सांगू नकोस. वय झालं तरी हे जात नाही बघ.

दृष्ट परक्याची लागते म्हणतात. त्या पोरीला आपल्या तिघींचीच लागत होती, असं मला वाटतं. तेव्हा तीट राहू दे आणि पिनही राहू दे.

दार उघडायचं विचारलंस म्हणून सांगते. पेरूच्या खालच्या फांद्या छाटून घेतल्या आहेत, पोरीच्या कपाळाला लागत होत्या. ती आता वाढली असेल. किती उंच झाली ते भिंतीवर खूण करून मोजून कळव, म्हणजे अजून एखादी छाटते. आल्या आल्या तिला माझ्याकडे ढकलू नकोस. आऊ म्हण, असंही सांगू नकोस. या वेळी मी कुणाला काही पाठ करायला लावणार नाही.

आठवा पोपट खाली काढला आहे. चौदा कपडे घातलेत त्याने, मोजून घे. टोपी दोनदा रंगवली, त्या बाईला दाखव.

तुझ्यावरचा लोभ आहे तेवढाच आहे, कमी करायचा प्रयत्न करून पाहिला. जुईचा नव्याने लावायचा आहे.

पोपटवाली बाई