शेगडी येण्याआधीचे आभार

प्रिय ढब्बू,

आधी कोपऱ्यात तारीख घातली, मग तुझं नाव लिहिलं. शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण हात ऐकत नाही. वाणसामानाची यादी केली तरी उजव्या कोपऱ्यात तारीख आधी. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून तुझे निबंध मीच लिहून द्यायचे आणि त्यावरही तारीख घालायचे. पकडल्या गेलो ते त्या तारखेपायीच, कारण त्या दिवशी तू शाळेतच आली नव्हतीस. छड्या दोघींनी खाल्ल्या आणि तू महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस. आजही बोलू नकोस हवं तर, पण शेवटपर्यंत वाच.

पुराला आता दीड वर्ष होत आलं. माझं घर उंचावर म्हणून वाचलं, नदीकाठची एकशे चाळीस घरं गेली. ती माणसं अजून आमच्या शाळेच्या मैदानात पत्र्याच्या खोल्यांत राहतात. तू ज्या संस्थेकडे मदत पाठवलीस, ती पुरानंतर दुसऱ्याच आठवड्यात होडीने आली, पूल तेव्हा बंद होता. निळं जाकीट घातलेला एक गोडबोल्या त्यांचा प्रमुख, सगळे त्याला जाकीटवालाच म्हणायचे. पूल सुरू झाला की प्रत्येक घराला एक शेगडी आणि दोन ब्लँकेटं येणार होती. तो म्हणाला, बाई, देणाऱ्यांना हाताने लिहिलेली आभारपत्रं आवडतात, तुमचं अक्षर मोत्यासारखं, आत्ताच लिहून ठेवा म्हणजे वेळ वाचेल, सामान पोचलं की आम्ही पत्रं टपालात टाकू. तारखेची जागा मात्र मोकळी सोडा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट कौतुकाने फुगले मी. चार दिवस सातवीच्या वर्गात बसून एकशे चाळीस पत्रं लिहिली. येणारच आहे म्हणून ‘मिळालं’ असं लिहीत गेले आणि खाली माणसं अंगठे उमटवत गेली. पाववाल्याची म्हातारी आई तेवढी म्हणाली, बाई, बाजारात तुरी... सगळे हसले, त्यात मी सगळ्यांत मोठ्याने.

कुणाला पत्र लिहायचं त्या देणाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या जाकीटवाल्याने दिल्या होत्या, त्यांत तुझं नाव निघालं, खाली ‘लेकीच्या स्मरणार्थ’. ती चिठ्ठी मी मुद्दाम म्हातारीसाठी बाजूला काढली. ‘तुम्ही दिलेल्या शेगडीजवळ बसले की तुमच्या लेकीची आठवण काढते, ऊब तिचीच वाटते,’ हे तिच्या पत्रातलं वाक्य म्हातारीचं नव्हतं गं, माझं होतं. लेक गेली तेव्हा मला तुझ्याकडे येता आलं नाही, ते सगळं त्या वाक्यात ओतलं. पुढे तू फोनवर ते वाचून दाखवताना रडलीस, मग म्हणालीस, अक्षर थेट तुझ्यासारखं आहे बघ. मी म्हणाले, असेल कुणा मास्तरणीचं. तुझ्याशी मी पहिल्यांदा खोटं बोलले ते तेव्हा. पत्र फ्रेम करून लेकीच्या फोटोशेजारी लावल्याचं तू सांगितलंस, तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. वाटलं, आज ना उद्या शेगड्या येतील आणि खोट्याचं खरं होईल.

पूल सुरू झाल्यावर एकच ट्रक आला. वीस शेगड्या खोल्यांच्या पहिल्या रांगेत वाटल्या, फोटो काढले आणि दुसरीकडे कुठे तरी भूकंप झाला म्हणून ते निघून गेले. म्हातारी सहाव्या रांगेत. पाववाला त्यांच्या कार्यालयात चार खेटे घालून आला. दरवेळी एकच उत्तर, सगळ्यांना सगळं पोचलंय, तुमच्या आईचं आभारपत्र आलंय आमच्याकडे. थंडीत म्हातारीची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनंच होतं. असेल. पण तिच्या पत्र्याच्या खोलीत मी गेले तेव्हा तिने अंगावर पोती घेतली होती. त्यानंतर चार दिवसांनी ती गेली. पाववाला मला अजून पाव देतो, सुटे परत करतो, बोलत मात्र नाही. त्याने बोलावं अशी माझी लायकीही नाही.

त्याच्याच तक्रारीवरून आता चौकशी लागली आहे, पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. संस्था म्हणते, पत्रं सामान मिळाल्यावरच लिहिली. बाकीच्या पत्रांवर त्यांनी सोयीच्या तारखा घातल्या आहेत. ती मी आधी लिहिली, हे मी सांगणारच आहे, पण नुसत्या माझ्या शब्दाला कोण विचारतं? ढब्बू, एकाच पत्रावर माझ्या हातची तारीख आहे. ते लिहिताना जाकीटवाल्याचं बजावणं मी विसरले, कारण ते मी तुला लिहीत होते. फ्रेमच्या पट्टीखाली उजवा कोपरा दबला असेल, काढून बघ. ती तारीख पूल सुरू होण्याच्या अकरा दिवस आधीची आहे. तेव्हा इथे ट्रक येणं शक्यच नव्हतं. ते पत्र मला हवंय. लेकीच्या शेजारून ते उचलायला तुला सांगतेय, म्हणजे काय मागतेय हे मला कळतं. कोपरा जपून काढ. आणि एक सांगायचं राहिलं. अंगठा उमटवल्यावर म्हातारीने विचारलं होतं, ही शेगडी कोण देतंय? मी तुझ्या लेकीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, येऊ दे शेगडी, पहिला चहा त्या पोरीच्या नावाने करीन. हे खरंच म्हणाली होती. मी तेच लिहायला हवं होतं. भिंतीवरच्या मोकळ्या जागी हे पत्र लावायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव, पण यातलं वाक्य न् वाक्य खरं आहे आणि तारीखही.

तुझे निबंध लिहिणारी,
तुझीच