नऊ फेरे

प्रिय चिमणे,

मंगळवारी सकाळी चावी घेऊन चेंबरमध्ये उतरलो आणि व्हॉल्व्ह फिरवण्याआधी मोठ्या पाइपाला कान लावला. सव्वीस वर्षं पाणी सोडतोय, तरी कधी असा ऐकला नव्हता. घंटा वाजून गेल्यावर गाभाऱ्यात जो नाद उरतो, तसा नाद. हजारो घरांचा चहा, आंघोळी, कपडे माझ्या कानाशी उभे होते. अंगावर काटा आला.

त्याचं असं झालं, की आदल्या दिवशी ऑफिसने आम्हा पाणी सोडणाऱ्यांच्याच हातात नागरिकांच्या मताचे फॉर्म दिले. घरोघरी जायचं, पाणी कसं येतं विचारायचं आणि उत्तम, बरं, वाईट यांपैकी एकावर खूण करायची. आपल्या गल्लीपासून सुरुवात केली. समोरचा शिंपी म्हणाला, "वाईट लिहा! एवढ्या जोरात येतं, की बादली कलंडते." तुझी आई आतून म्हणाली, "मग बादलीवर बसा की!"

मग टेकाडावर गेलो. शेवटच्या घरात एक म्हातारी सुईण एकटी राहते. तिच्या नळाला सुतळी बांधलेली, तिचं टोक कळशीत सोडलेलं. धार इतकी बारीक, की वाऱ्याने हलते; थेंब वाया जाऊ नये म्हणून सुतळीवरून उतरवलेली. मी फॉर्म काढला, तर म्हणाली, "उत्तम लिही रे बाबा. एवढ्या खालून चढत येतं बिचारं, दमत नसेल का?" आणि त्याच कळशीतलं तांब्याभर पाणी माझ्या हातात दिलं. वरच्या अकराही घरांनी उत्तमच सांगितलं. देवळात इतकी वर्षं हात जोडले, पण असं समाधान मी समोर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. 

चावीच्या प्रत्येक फेऱ्याला मी देवाचं एक नाव घेतो, हे तुला माहीत आहे. लहानपणी विचारायचीस, "बाबा, देव पाणी मोजून सोडतो का?" देव नाही गं, मी मोजून सोडतो. आपल्या गल्लीला नऊ फेरे ठरलेले आहेत. त्याहून जास्त उघडलं, की टेकाडावर तेवढं कमी चढतं. तू सात वर्षांची असताना महिनाभर तापाने पडलीस. दिवसभर ओल्या पट्ट्या, दिवसभर चादरी. धुऊन धुऊन आईचे हात सोलले. तेव्हा एका पहाटे मी बारा फेरे दिले, बाराही वेळा देवाचं नाव घेऊन. तू बरी झालीस, शाळेत गेलीस, आता वसतिगृहात राहून नर्स होते आहेस. ते तीन फेरे मात्र मी तेरा वर्षं परत केले नाहीत; बाराच देत राहिलो. हाताला वळणच पडलं म्हणायचं. खरं सांगायचं तर, भरलेली पिंपं बघून बरं वाटायचं.

सुट्टीत घरी येशील तेव्हा नळ बारीक दिसेल, गल्लीतले लोक माझ्याशी नीट बोलणार नाहीत, कदाचित चावीही दुसऱ्याच्या हातात गेलेली असेल. त्याचं कारण तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. यात तुझा काही दोष नाही. मंगळवारी नवव्या नावाला मी हात थांबवला. मग आपल्या घरचा कोरा राहिलेला फॉर्म काढला, 'गरजेपेक्षा जास्त येतं, तेरा वर्षांपासून, माझ्या हाताने' असं लिहिलं, खाली सही केली आणि साहेबांच्या हातात नेऊन दिला.

तुझाच,
बाबा